४८ व्होल्टच्या वाडीत व्होल्टेज सांभाळायचं कोणी?

वाडीकर

नमस्कार मंडळी. घाटाखालच्या आमच्या वाडीत ११ घरं आहेत आणि विजेची लाईन ओढ्याच्या पलीकडेच थांबलेली आहे. गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या छपरावर आणि समाजमंदिरावर पॅनेल बसवली. दोन्हीकडे सारख्या क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि दोन्ही दिशांनी चालणारा एकेक कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलून वीज देणारी-घेणारी पेटी) आहे. दोघांच्या केबल चौकातल्या जंक्शन बॉक्सात येतात आणि तिथून घरोघरी ४८ व्होल्ट डीसी जातं. दिवे एलईडी, पंखे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे), शिवाय दोन टीव्ही, मोबाईल आणि एक घरघंटी. सगळं डीसीवरच चालतं, म्हणून इन्व्हर्टर ठेवलाच नाही.

पहिल्या रचनेत एकच मुख्य कंट्रोलर होता. कोणत्या बॅटरीनं किती द्यायचं हे तो दोन्ही कन्व्हर्टरना केबलवरून सांगायचा. श्रावणात उंदरांनी ती केबल कुरतडली. बॅटऱ्या दोन्ही भरलेल्या, आणि वाडी रात्रभर अंधारात! एका घरी सहा दिवसांचं बाळ होतं. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की एका तारेवर किंवा एका पेटीवर सगळं अवलंबून राहील अशी रचना पुन्हा करायची नाही. प्रत्येक कन्व्हर्टरनं फक्त स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज आणि करंट बघून वागावं, दुसरा बंद पडला तर उरलेल्यानं जमेल तेवढं पुढे न्यावं.

त्यासाठी दोन्हीकडे ड्रूप लावला आहे. कन्व्हर्टर जितका जास्त करंट देतो तितकं स्वतःचं व्होल्टेज ठरावीक उताराने खाली आणतो. सध्या दोघांचा उतार ०.२ ओहम आहे आणि रिकाम्या बसला, म्हणजे लोड नसताना सगळ्यांच्या सामाईक तारेला, ४८ व्होल्ट. अडचणी तीन:

शाळेची बॅटरी रोज आधी संपते. शाळा चौकापासून ३० मीटरवर आहे, समाजमंदिर ९० मीटरवर.

उतार वाढवला की वाटणी सुधारते, पण शेवटच्या घरचा पंखा मरगळतो.

घरघंटी लावली की सगळे दिवे ठेक्यात लुकलुकतात. बंद केली की थांबतात.

केबल १६ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. संध्याकाळचा लोड साधारण १२ अँपिअर.

नदीकाठ

मी या विषयातला नाही. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली सौर मायक्रोग्रिड झालं, ते एसीवर होतं असं वाचलं होतं. तुम्ही एसी का नाही घेतलं? तिथे ही वाटणीची भानगड नसते का?

वाडीकर

साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी ३०-३५ वॅटमध्ये भागवतो, आणि तो आतून डीसीच असतो. पॅनेल डीसी, बॅटरी डीसी, दिवा डीसी. मध्ये दोनदा रूपांतर करून वीज वाया घालवणं आमच्या एवढ्याशा बॅटरीला परवडत नाही. वाटणीचा प्रश्न एसीत कसा सुटतो ते मात्र जाणकारांनी सांगावं.

सबस्टेशन

मी रेल्वेच्या ट्रॅक्शन सबस्टेशनात, म्हणजे गाड्यांना वीज पुरवणाऱ्या केंद्रात, आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून जुने दिवस आठवले.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईची लोकल पुढे जवळजवळ नव्वद वर्षं त्याच दाबावर चालली. हार्बर लाईन एप्रिल २०१६ मध्ये २५ केव्ही एसीवर गेली तेव्हा तो काळ संपला. या सगळ्या वर्षांत दोन सबस्टेशनांच्या मधे असलेल्या गाडीला दोन्हीकडून करंट मिळायचा. कुठून किती, हे ठरवायला माणूस नव्हता आणि यंत्रही नव्हतं. कंट्रोल रूममधून ब्रेकर उघडले-मिटले जायचे, पण वाटणी आपोआप व्हायची.

ती व्हायची कारण रेक्टिफायरचं व्होल्टेज लोड वाढला की मुळातच थोडं उतरतं. ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज रिअॅक्टन्समुळे (वेटोळ्यांच्या चुंबकीय गळतीतून करंटच्या बदलाला होणारा विरोध) एका फेजवरून दुसऱ्या फेजवर करंट सरकायला वेळ लागतो आणि तेवढं सरासरी व्होल्टेज कमी पडतं. त्याचं गंमतीचं अंग असं की हा उतार रेझिस्टन्ससारखा वागतो, पण त्यात उष्णता जळत नाही. तुमचा कन्व्हर्टर आज सॉफ्टवेअरमध्ये जो उतार लावतो तो आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतूनच यायचा.

त्याहून जुनी गोष्ट डिप्लोमाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दोन शंट जनरेटर (फील्डचं वेटोळं आउटपुटला समांतर असलेले) पॅरलल लावले तर गुण्यागोविंदाने चालतात, कारण दोघांचं व्होल्टेज लोडबरोबर उतरतं. एकानं जास्त करंट घेतला की त्याचं व्होल्टेज खाली येतं आणि तो आपसूक मागे हटतो. कंपाउंड जनरेटरला मात्र इक्वलायझर बार (दोघांची सिरीज फील्ड जोडणारी पट्टी) लागतो. तिथे लोड वाढला की सिरीज फील्डमुळे व्होल्टेज वाढतं, मग तो आणखी लोड ओढतो आणि शेवटी दुसऱ्याला मोटर करून फिरवायला लागतो. उतार म्हणजे दोष आहे असं समजू नका. पॅरलल चालण्याची ती किंमत आहे.

आमच्याकडेही गाडी ज्या सबस्टेशनाजवळ असेल ते जास्त द्यायचं. पण गाडी पुढे सरकायची आणि सरासरी भरून निघायची. तुमचा चौक जागचा हलत नाही, म्हणून शाळेची बॅटरी रोज मार खाते.

उत्तरसमुद्र

काकांनी मूळ छान पकडलं आहे. मी सध्या डेन्मार्कमध्ये याच विषयावर काम करते, सांगलीची आहे. आधी नदीकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण वाडीकरांच्या पहिल्या दोन अडचणी त्यातच आहेत.

एसीत वाटणीचा निरोप फ्रिक्वेन्सी नेते. लोड वाढला की फ्रिक्वेन्सी किंचित उतरते, आणि प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर (वेग सांभाळणारा नियंत्रक) ते बघून आपला वाटा उचलतो. ग्रिड स्थिरावलं की कोयनेच्या जनित्राला आणि चंद्रपूरच्या जनित्राला एकच फ्रिक्वेन्सी दिसते, मधे कितीही किलोमीटर तार असो. गावात दवंडी पिटली आणि शेवटच्या झोपडीतही तेच शब्द, तितक्याच आवाजात पोचले, असं ते आहे.

डीसीत फ्रिक्वेन्सी नाही. दवंडी म्हणून हाती फक्त व्होल्टेज, आणि ते प्रत्येक खांबावर वेगळं. शेवटच्या घरी ४५ व्होल्ट दिसले तर साठा कमी आहे की केबल लांब आहे? दोन बातम्या एकाच आकड्यात मिसळलेल्या आहेत. विकेंद्रित डीसी नियंत्रणातली बहुतेक डोकेदुखी इथून सुरू होते.

तुमचे आकडे घालून बघू. या केबलचा रेझिस्टन्स मीटरला साधारण १.१५ मिलिओहम. जाणारी-येणारी मिळून शाळेकडून ०.०७ ओहम, समाजमंदिराकडून ०.२१. चौकात १२ अँपिअर लोड धरला आणि ड्रूप शून्य ठेवला तर शाळा ९ देते आणि मंदिर ३. चौकात ४७.४ व्होल्ट, म्हणजे व्होल्टेज उत्तम आणि वाटणी वाईट. ड्रूप ०.२ केला तर ७.२ आणि ४.८, चौकात ४६. ड्रूप ०.५ केला तर ६.७ आणि ५.३, चौकात ४४.२. एक ओहम केला तर ६.४ आणि ५.६, आणि चौकात जेमतेम ४१ उरतात.

कारण सरळ आहे. चौकाला दिसतो तो ड्रूप अधिक केबल असा एकूण रेझिस्टन्स. ड्रूप मोठा केला की केबलमधला फरक त्यापुढे किरकोळ होतो, पण मोठ्या ड्रूपबरोबर व्होल्टेजही पडतं.

मग ड्रूप शून्याच्या जवळ ठेवून वाटणी सोडून द्यावी का? तसंही नको. दोन कन्व्हर्टरचे मोजमाप कधीच तंतोतंत जुळत नाही. समजा एकाचा ४८ हा खरं तर ४८.३ आहे. ड्रूप नसेल तर रिकाम्या बसवर ०.३ भागिले ०.२८ ओहम, म्हणजे १ अँपिअरहून जास्त करंट रात्रभर एका बॅटरीतून दुसरीत विनाकारण फिरत राहील. जाताना एकदा आणि येताना एकदा रूपांतराचा तोटा. दोन्हीकडे ०.५ चा ड्रूप असेल तर तोच करंट पाव अँपिअरच्या खाली येतो.

वाडीकर

रात्रभर फिरणारा करंट! क्लॅम्प मीटर लावून आत्ता बघितलं. सगळे दिवे बंद असताना मंदिराकडून शाळेकडे ०.६ अँपिअर जातोय. मला वाटत होतं मीटरच चुकतोय.

लगवाला

मी कोकणात सोलर बसवतो, सतरा वर्षं झाली. ताईंचं गणित बरोबर आहे पण त्यात जोड धरलेले नाहीत. पावसाळ्यानंतर लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे) काळे पडतात, नट सैल होतात. खारा वारा असेल तर विचारू नका. एक वाईट जोड म्हणजे वीस-तीस मीटर केबल वाढवल्यासारखं. आधी लोड चालू ठेवून प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट मोजा. जिथे जास्त दिसेल तो जोड सोडवून घासा, नवा लग क्रिंप करा, मग सेटिंगला हात लावा. सैल जोडावर सेटिंग केली तर जोड दुरुस्त झाल्यावर सगळी वाटणी पुन्हा बिघडते.

आणि एक विचारतो, एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) डीसीची आहे ना? एसीची एमसीबी डीसीला लावलेली मी डझनभर ठिकाणी बघितली. एसीत करंट दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, आतली ठिणगी जळत राहते. काही डीसी एमसीबींना दिशा असते, अधिक-उण्याची खूण बघून लावा. तुमच्याकडे करंट दोन्ही बाजूंनी वाहतो, तेव्हा दिशा नसलेलीच घ्या.

वाडीकर

एमसीबी डीसीचीच आहे, पण दिशेचं कधी बघितलं नव्हतं. दादा, खूप आभार. जोड रविवारी तपासतो.

सबस्टेशन

एक साधा उपाय सुचतो. दोघांचे ड्रूप सारखे कशाला? जवळच्याला जास्त उतार द्या. केबलमधला फरक ०.१४ ओहम आहे ना, तेवढा शाळेच्या ड्रूपमध्ये घाला.

उत्तरसमुद्र

काका, अगदी हेच मी लिहायला घेतलं होतं. मंदिराला ०.३, शाळेला ०.४४. दोन्हीकडून चौकापर्यंत एकूण ०.५१ होतं आणि दोघं ६-६ अँपिअर देतात. चौकापर्यंत घट ३ व्होल्ट. आता रिकाम्या बसचं व्होल्टेज ४८ वरून ४९.५ करा, म्हणजे भरल्या संध्याकाळी चौकात ४६.४ मिळतील. उतार ठेवायचा असेल तर डोंगराचा माथा थोडा वर न्यायचा. फक्त तुमची सगळी उपकरणं ४९.५ ला चालतात याची खात्री करा.

याची मर्यादा सांगायला हवी. ही भरपाई लोड चौकात आहे असं धरून केली आहे. उद्या शाळेच्या मागे पंप बसला तर गणित बदलेल.

बॅटऱ्या समान पातळीवर राहाव्यात यासाठी आणखी एक पायरी आहे. बॅटरी जशी उतरेल तसा तिचा ड्रूप वाढवायचा. भरलेली बॅटरी पुढे होते, दमलेली मागे राहते, आणि काही दिवसांत दोघी आपसूक एका पातळीला येतात. याला दुसऱ्या कन्व्हर्टरशी बोलावं लागत नाही, आपली बॅटरी किती भरली आहे एवढंच कळावं लागतं. तुमच्या बॅटरीत मात्र व्होल्टेजवरून ते नीट कळत नाही, लिथियम फॉस्फेटची रेषा मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असते. आलेला-गेलेला करंट मोजत राहावं लागेल आणि पूर्ण चार्ज झाली की हिशोब नव्याने सुरू करावा लागेल.

नदीकाठ

साठा खरंच कमी झाला तर काय होतं? कोण कोणाचा पंखा बंद करतं?

उत्तरसमुद्र

इथेही व्होल्टेजच बातमी देतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून एक पद्धत मांडली गेली, तिला डीसी बस सिग्नलिंग म्हणतात. व्होल्टेजचे पट्टे ठरवायचे. समजा ५० च्या वर गेलं तर पॅनेलनं हात आखडता घ्यायचा. त्याखाली बॅटरी चार्ज होते, आणखी खाली बॅटरी देते, ४५ च्या खाली घरघंटी आणि टीव्ही सुटतात, ४२ च्या खाली फक्त दिवे उरतात. प्रत्येक उपकरणाच्या दारातली छोटी पेटी आपापलं व्होल्टेज बघून निर्णय घेते.

पण मघाची गोष्ट लक्षात ठेवा. पट्टा केबलच्या घटीपेक्षा रुंद हवा. तसा नसेल तर शेवटच्या घराचा टीव्ही रोज सुटेल आणि चौकाजवळचा कधीच नाही, साठा भरलेला असला तरी. तांत्रिक चूक म्हणून ती लहान असेल, पण वाडीत त्यावरून भांडण होईल. शेवटच्या घरांची पेटी त्यांच्या नेहमीच्या घटीएवढी खाली सेट करा किंवा त्यांची केबल जाड करा. माझं मत जाड केबलच्या बाजूने आहे. तांब्यावर केलेला खर्च दर रात्री परत मिळतो.

वाडीकर

शेवटचं घर एका आजींचं आहे. त्या पहिल्या दिवसापासून म्हणतात, "माझ्याकडे वीज दमून येते." त्यांची केबल बदलायची हे मी आजच ठरवलं.

घरघंटीचं काय करू?

उत्तरसमुद्र

घरघंटी हा वेगळाच प्राणी आहे. साधा दिवा किंवा हीटर व्होल्टेज कमी झालं की कमी करंट घेतो. घरघंटीचा ड्राइव्ह मात्र आपली ४८० वॅट सोडत नाही. व्होल्टेज पडलं की तो तेवढ्याच पॉवरसाठी जास्त करंट ओढतो, त्यानं व्होल्टेज आणखी पडतं. छोट्या बदलांपुरता तो उणे रेझिस्टन्ससारखा वागतो. ४६ व्होल्टला ४८० वॅट म्हणजे उणे ४.४ ओहम. केबलचं इंडक्टन्स आणि कपॅसिटर यांच्यातलं डोलणं साधा रेझिस्टन्स शमवतो, हा उणे रेझिस्टन्स ते भडकवतो. तुमचे दिवे ठेक्यात लुकलुकतात तो हा झोका. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच फिल्टर आणि कन्व्हर्टर यांच्या अशा झगड्याची अट मांडून ठेवली होती.

केबलपुरता हिशोब सोपा आहे. ९० मीटरचं इंडक्टन्स ६० मायक्रोहेन्री धरलं तर घरघंटीपाशी साधारण ६५ मायक्रोफॅरड पुरेसे होतात, आणि तेवढे ड्राइव्हमध्ये बहुधा असतीलच. म्हणून माझा संशय कन्व्हर्टरवर आहे. ड्रूपसाठी तो जो करंट मोजतो त्याला फिल्टर (आकड्यातले झटपट चढउतार गाळणारा) लावलेला असतो. तो फार संथ असेल तर तुमचा ०.२ ओहमचा ड्रूप फक्त मल्टीमीटरला दिसतो, झोक्याच्या वेगाला तो तिथे नसतोच. फिल्टरची सेटिंग जलद करून बघा, आणि घरघंटीपाशी २२०० मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा कपॅसिटर लावा.

मोठ्या ड्रूपची आणखी एक किंमत इथे कळते. अशा लोडला ग्रिड जास्तीत जास्त किती पॉवर देऊ शकतं त्याला मर्यादा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले चौपट रेझिस्टन्स. दोघांचा ड्रूप ०.५ असताना ती १८०० वॅटच्या आसपास येते, एक ओहमला १००० वर. त्यापलीकडे गेलात तर व्होल्टेज उतरत नाही, कोसळतं.

सबस्टेशन

ताई, तिसरं घर उद्या स्वतःची बॅटरी जोडायची म्हणालं तर सगळं पुन्हा मोजायचं का? आमच्याकडे नवं सबस्टेशन आलं की अख्ख्या सेक्शनची प्रोटेक्शन सेटिंग बदलायची.

उत्तरसमुद्र

यावर इटलीतल्या पाविया विद्यापीठाच्या गटानं डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्ग विद्यापीठाच्या साथीनं चांगलं काम केलं आहे. २०१६ च्या त्यांच्या मांडणीत प्रत्येक कन्व्हर्टरचा नियंत्रक फक्त स्वतःचा फिल्टर आणि स्वतःला जोडलेल्या केबल एवढ्या माहितीवर बनतो. नवा आला तर त्याचे शेजारी तेवढे नव्यानं तपासायचे, आणि तपासात स्थिरता दिसली नाही तर जोडणी नाकारायची. २०१८ पर्यंत त्यांनी केबलच्या माहितीचीही गरज काढून टाकली.

पण हे नियंत्रक प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला धरून ठेवतात. करंटची न्याय्य वाटणी त्यातून येत नाही, त्यासाठी वरच्या थरात शेजाऱ्यांशी थोडं बोलावं लागतं. दोन कन्व्हर्टरच्या वाडीला मी ड्रूपच सांगेन. बोलण्याची केबल नंतर घातलीत तरी तिच्यावर फक्त सुधारणा सोपवा. ती तुटली तर वाटणी थोडी बिघडावी, दिवे जाऊ नयेत.

वाडीकर

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

लगवाला दादांनी सांगितल्याप्रमाणे जोड मोजले. शाळेचे ठीक होते. मंदिराच्या बाजूला जंक्शन बॉक्समधला एक लग हिरवा पडला होता, १० अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट जात होता. म्हणजे मंदिराची बॅटरी आणखी लांब गेल्यासारखी झाली होती. नवा लग लावला. दोन्ही कन्व्हर्टर एकाच मल्टीमीटरने जुळवले. ड्रूप ०.३ आणि ०.४४, रिकाम्या बसला ४९.५. काल संध्याकाळी लोड ११.८ असताना शाळा ६.१ आणि मंदिर ५.७. चौकात ४६.४.

आजींची केबल दुप्पट जाड केली. त्यांच्या दारात ४५.६ मिळतात. त्यांनी पंखा चारवर ठेवून मला चहाला बसवलं.

घरघंटीला आधी फक्त कपॅसिटर लावला, लुकलुक कमी झाली पण गेली नाही. करंटचा फिल्टर जलद केल्यावर पूर्ण थांबली. आणि मुद्दाम एका रात्री मंदिराचा कन्व्हर्टर बंद करून बघितला. चौक ४३.५ वर आला, पेटीनं दोन्ही टीव्ही सोडले, दिवे आणि पंखे चालू राहिले.

आता तिसऱ्या घराची बॅटरी येतेय. चौकापासून ४० मीटर. ड्रूप ०.४२ धरलाय, बरोबर ना?

उत्तरसमुद्र

४० मीटर म्हणजे ०.०९ ओहम, एकूण ०.५१. बरोबर. बॅटरी त्याच क्षमतेची असेल तरच. निम्मी असेल तर एकूण रेझिस्टन्स दुप्पट हवा, म्हणजे ड्रूप ०.९३.

वाडीकर

निम्मीच आहे. ०.९३ करतो.

लगवाला

जोडताना थेट एमसीबी वर करू नका. नव्या कन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे असतील, बसला लागताच ठिणगी उडेल आणि तेवढ्या क्षणात बाकीचे दोन ट्रिप होऊ शकतात. आधी ४७ ओहमच्या १० वॅट रेझिस्टरमधून भरून घ्या, दोन्ही बाजूंचं व्होल्टेज सारखं दिसलं की मग एमसीबी.

वाडीकर

रेझिस्टर घेतला, दादा. रविवारी सकाळी ऊन असताना जोडतो.